जॉर्जियाचं वाळूचं बेट, शिंपल्यांचे ढीग आणि आपली पांढर

तेरणाकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत सेंट कॅथरिन्स नावाचं एक बेट आहे. लांबी साधारण १६ किलोमीटर, रुंदी त्यामानाने किरकोळ. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला मैलोन्‌मैल खारी दलदल आणि तिच्या पलीकडे मुख्य भूमी. किनाऱ्याला समांतर असलेली ही लांबोडकी वाळूची बेटं समुद्राचा मार आधी स्वतः खातात. आपल्या देशातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे श्रीहरिकोटा. इकडे पुलिकत सरोवर, तिकडे बंगालचा उपसागर, मधल्या पट्टीवर रॉकेटं.

धाराशिव जिल्ह्यात बसून समुद्राचं हे पुराण कशाला, असं कुणी म्हणेल. या बेटावरच्या उत्खननाबद्दल बरेच दिवस वाचतोय आणि वाचताना राहून राहून आमच्या जिल्ह्यातलं जुनं गाव तेरच डोळ्यांपुढे येतंय, म्हणून.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी १९७४ मध्ये तिथं काम सुरू केलं. त्यांना हवं होतं एक हरवलेलं स्पॅनिश मिशन (धर्मप्रसारासाठी चर्चभोवती वसवलेलं ठाणं), सांता कातालिना दे ग्वाले. कागदोपत्री सगळं होतं: सोळाव्या शतकात स्थापना, १५९७ च्या बंडात तिथल्या मूळच्या ग्वाले लोकांनी पाद्री मारले आणि चर्च जाळलं, पुढे ते पुन्हा बांधलं गेलं, १६८० मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यानंतर कायमचं सोडलं. पण बेटावर नेमकं कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जमिनीवर एक भिंत म्हणून उभी नाही.

मिशन सापडेल त्या जागी फावडं मारत फिरण्याऐवजी त्यांनी आधी अख्ख्या बेटाचा अंदाज घेतला. १०० मीटर रुंदीचे पट्टे आखून बेटाचा २० टक्के भाग पायाखाली घातला. प्रत्येक काळाची वस्ती कुठं कुठं होती याचा नकाशा हाती आला. त्यातून मिशनची शक्यता एका छोट्या भागावर आली आणि १९८१ मध्ये तिथं मॅग्नेटोमीटर फिरवला. चर्चच्या भिंती कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या. आगीत ती माती भाजली. भाजलेल्या मातीतल्या लोहाचं चुंबकत्व आजूबाजूच्या वाळूपेक्षा वेगळं असतं आणि यंत्र तो फरक न खोदता टिपतं. चर्च, स्वयंपाकघर, विहीर, सगळं असं सापडलं. म्हणजे ज्या आगीनं चर्च संपवलं, तिनंच त्याचा पत्ता राखून ठेवला.

चर्चच्या जमिनीखाली चारशेहून जास्त माणसं पुरलेली होती आणि त्यांच्यासोबत जवळपास ७०,००० मणी.

मला मात्र मिशनपेक्षा शिंपल्यांनी जास्त धरून ठेवलं. मिशनच्या कितीतरी आधी, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी, तिथल्या लोकांनी कालवं खाऊन शिंपले गोल कड्यासारखे रचत नेले. असं एक कडं सुमारे ७० मीटर व्यासाचं आहे. मधलं अंगण स्वच्छ, रिकामं. बसायचं, जेवायचं, टरफलं मागं टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं असेल, की मोठमोठ्या पंगती उठत होत्या, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

आता आपल्याकडे. पेरिप्लस या सागरी व्यापाराच्या जुन्या पुस्तकात पहिल्या शतकातला ग्रीक व्यापारी लिहितो की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तगरहून गाड्या भरभरून कापड भडोचला येतं. तगर म्हणजेच तेर हे फ्लीटनं १९०१ मध्ये दाखवून दिलं. १९५८ मध्ये चापेकरांनी खोदलं, नंतरही खोदकामं झाली. पण त्याआधी, मध्ये आणि नंतर पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, कुदळीनं किती गेली, त्याचा हिशेब कुठंय?

तुमच्या गावच्या पांढरीचं काय झालं ते लिहा. कुणी नेली, कशाला नेली, काय निघालं.

बालाघाटी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. वाळू तर वाऱ्यानं उडते, लाटेनं वाहते. मग तिच्यात चार हजार वर्षांचे थर जागच्या जागी राहतात कसे?

तेरणाकाठ

शंका बाळबोध अजिबात नाही. सगळं बेट एका वयाचं नाही. पश्चिमेकडचा उंच गाभा हिमयुगातला, खूप जुना. हिमयुग भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, किनारा पार लांब पूर्वेला गेला होता. तेव्हा हे बेट नव्हतंच, नुसता वाळूचा उंचवटा. पाणी परत चढलं आणि पाचेक हजार वर्षांपूर्वी तो उंचवटा पुन्हा बेट झाला. मग समुद्राकडच्या बाजूनं नव्या वाळूचे दांड एकापुढे एक जुळत गेले. जुनी वस्ती बहुतेक जुन्या गाभ्यावर, दलदलीच्या काठानं आहे, म्हणून टिकली. नव्या दांडावर खापर सापडलं, तर तो दांड निदान तेवढा जुना असलाच पाहिजे, हेही कळतं. भूशास्त्रवाल्यांना त्याचा मोठा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी दलदल तयार झाली, मग कालवं आली, मग माणसं. पुढे समुद्र थोडा मागं हटला आणि शिंपल्यांची कडी ओस पडली, असा संबंध काही अभ्यासक लावतात.

आणि सगळं टिकलंय असंही नाही. समुद्राकडची कड ढासळतेय. ओकची मोठमोठी झाडं मुळांसकट पुळणीवर आडवी पडलेली दिसतात. त्यांच्यासोबत जी वस्ती जाते ती जातेच.

खडूस लातूरकर

वाचलं, आवडलं. आता जरा खडूसपणा करतो.

ते बेट खाजगी संस्थेच्या मालकीचं. वस्ती जवळजवळ नाही. कुणाची लग्नसराई नाही, कुणाचं घर गळत नाही. तिथं पट्टे आखून फिरायला काय जातंय? आपल्याकडं पांढरीवर गाव बसलंय. बेटावरचा नियम इथं लावू नका.

पांढरी कशाला नेत होते ते माळवदाच्या घरात राहिलेल्याला विचारा. आजोळी आमचं होतं. तुळया, त्यावर किलचण, त्यावर पाला आणि वर फूट-दीड फूट पांढरी. मृगाच्या आधी दरसाल गाडीभर आणायची, वर पसरायची, पाणी मारून चोपायची, उतार पन्हाळीकडं काढायचा. काळी टाकली तर पहिल्या पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी तडकते. पांढरीला ते नाही. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती, सगळं मुरून ती झालेली असते. मामा गाडी भरायचे तेव्हा खापरं, हाडं, बांगडीचे तुकडे निघायचेच. बाजूला फेकायचे. चाळणीनं चाळत बसले असते तर माळवद सप्टेंबरात झालं असतं.

आणि एक सांगतो. दर वर्षी एक थर चढत गेला की छताचं वजन वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी-सास्तूर पट्ट्यात तीच पांढरी, तेच दगड माणसांच्या अंगावर आले. त्यामुळं पांढर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं सातवाहन येतात, आमच्या डोळ्यांपुढं दुसरंच काही येतं.

सुमन बीड

लातूरकर दादा, शेवटचा परिच्छेद वाचून थांबले जरा.

तेरणाकाठ

लातूरकर, माळवदाला माती नेली म्हणून मी कुणाला दोष देत नाही. आमच्याही वाड्यावर तेरचीच पांढरी होती.

किल्लारीचा विषय निघालाच आहे म्हणून. भूकंपानंतर भूशास्त्रज्ञ आपल्या भागात फिरले. तेरला तेरणेच्या काठच्या दरडीत थर वाकलेले, सरकलेले दिसले आणि ती जुन्या भूकंपाची खूण आहे अशी मांडणी झाली. ती मान्य-अमान्य करणं तज्ज्ञांचं काम. पण त्यांना प्रश्न विचारता आला, कारण ती दरड कुणी माळवदावर नेली नव्हती. एवढंच म्हणायचंय.

शिंपली

पुरातत्त्वात एम.ए. करतेय, संभाजीनगरला. धागा बघून राहवलं नाही (सदस्यनामाचा या विषयाशी संबंध नाही, आईनं लहानपणी ठेवलेलं लाडाचं नाव आहे 😄).

लातूरकर काका, बेटावरही लोकांनी ढीग उचललेच की! जॉर्जियाच्या किनाऱ्यावर मळेवाल्यांची टॅबीची बांधकामं आहेत. कालवांचे शिंपले भाजून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि आणखी शिंपले कालवून साच्यात ओतायचं. एवढे शिंपले आणायचे कुठून? मूळ रहिवाशांचे हजारो वर्षांचे ढीग आयते पडलेलेच होते. गाड्या भरून नेले. रस्त्यांवरही टाकले. तिथले जे ढीग आणि कडी आज शाबूत आहेत ती वाचलेली आहेत, सगळी नाहीत. तुमच्या मामांची गाडी आणि मळेवाल्याची गाडी यांत फरक एवढाच की मामा गाडी स्वतः भरत होते.

आता शिंपल्यांतून काय कळतं ते सांगते, कारण मला त्याचंच वेड आहे. तिथं क्लॅम नावाचा जाड कवचाचा शिंपला मिळतो. तो उभा कापायचा, कड घासून गुळगुळीत करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. कवचात एकाआड एक फिकट आणि गडद पट्टे दिसतात. ऋतू बदलला की वाढीचा वेग बदलतो आणि पट्टा बदलतो. सगळ्यात बाहेरचा, कडेचा पट्टा कोणता आणि कितपत वाढलेला, हे बघितलं की तो प्राणी कोणत्या ऋतूत पाण्यातून काढला ते कळतं. एका शिंपल्यावरून काही सिद्ध होत नाही, पण ढिगातले भरपूर तपासले आणि सगळे ऋतू निघाले, तर लोक तिथं हंगामापुरते येत नव्हते, बारमाही राहत होते, असं म्हणता येतं. सेंट कॅथरिन्सच्या कड्याबद्दल तसंच निघालंय.

कार्बन डेटिंगला मात्र शिंपला फसवतो. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो, त्यामुळे वय साधारण चारशे वर्षांनी जास्त दिसतं. शिवाय हा फरक किनाऱ्यागणिक बदलतो, म्हणून त्या त्या भागाची दुरुस्ती करावी लागते. शेजारी कोळसा सापडला तर सोन्याहून पिवळं.

बालाघाटी

हे भारी आहे. आपल्याकडं समुद्राचं काही निघतं का?

शिंपली

निघतं ना! शंखाच्या बांगड्या. तेर, भोकरदन, नेवासे, सगळीकडे तुकडे सापडलेत. समुद्र इथून तीन-चारशे किलोमीटर. शंख किनाऱ्यावरून आला, कापला गेला तो कुठं, आणि कोणत्या वाटेनं आला, यावर काम करण्यासारखं खूप आहे. तिकडे नेमकं उलट. मॅक्वीन नावाच्या दुसऱ्या कड्यात, जळालेल्या मानवी हाडांसोबत तांब्याची एक पट्टी सापडली. तपासणीत तांबं ग्रेट लेक्सच्या भागातलं निघालं. म्हणजे दीड हजारावर किलोमीटर आतून समुद्रापर्यंत गेलेलं, तेही सुमारे चार हजार वर्षांपूर्वी. २०१८ मध्ये त्यावर निबंध आला.

जालनेकर

तेर तेर चाललंय म्हणून हजेरी लावतो. इटलीतल्या पाँपेईला जी हस्तिदंती बाईची मूर्ती सापडली (१९३८), तिच्यासारखी आमच्या भोकरदनलाही निघालीय. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून खोदलं तेव्हा. भोकरदन म्हणजे भोगवर्धन, सांची-भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत नाव आहे. तगरला पेरिप्लसनं मोठं केलं, आमच्याकडं तो ग्रीक फिरकलाच नाही, त्याला आम्ही काय करणार.

तेरणाकाठ

जालनेकर, तेरलाही तशीच हस्तिदंती बाई आहे. बरोबरी मान्य करा आणि चहा घ्या.

जालनेकर

चहा घेतो, बरोबरी मान्य नाही. तुमची थरातून निघाली की शेतातून?

तेरणाकाठ

वर्मावर बोट. तेरचं संग्रहालय ज्यांच्या नावानं आहे त्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वस्तू जमवल्या त्या गावकऱ्यांकडून, शेतांतून, पावसानं उघड्या पडलेल्या उतारांवरून. त्यांनी जमवल्या नसत्या तर ते सगळं मुंबईच्या दलालांकडे गेलं असतं किंवा उकिरड्यात. आजही पहिल्या जोरदार पावसानंतर पांढरीच्या उतारावर बायका-पोरं मणी वेचताना दिसतात. नखाएवढे, लाल अकीकाचे, कधी निळ्या काचेचे. पण मण्याला विचारलं तू कितव्या थरातला, तर तो काय सांगणार?

बेटावरच्या ७०,००० मण्यांत आणि या मण्यांत फरक आहे तो इथं. तिथला मणी कोणत्या माणसाच्या गळ्यात होता की मनगटात, लहान मुलासोबत होता की म्हाताऱ्यासोबत, वेदीजवळ की दाराजवळ, हे नोंदलेलं आहे. ख्रिस्ती दफनात सोबत काही ठेवत नाहीत, तरी या लोकांनी ठेवलं, आणि तेही चर्चच्या आत. पाद्र्यांनी डोळेझाक केली असणार. आता हा निष्कर्ष मण्याचा नाही, मणी कुठं होता त्याचा आहे.

दातेरी

व्यवसायानं दंतवैद्य. चारशे माणसं म्हणजे दातही असणार. त्याचं काही?

शिंपली

आहे, आणि भरपूर. क्लार्क लार्सन यांनी ती हाडं अभ्यासली. मिशनच्या आधीचे लोक मासे, कालवं, शिकार, थोडीफार शेती यांवर होते. मिशनच्या काळात मका वाढला आणि किडलेले दातही वाढले. हाडांवर संसर्गाच्या खुणा जास्त, सांधे झिजलेले जास्त. बंड का झालं असेल याचं एक उत्तर त्या सांध्यांत असावं, असं माझं मत. लार्सन यांच्या तोंडी घालू नका.

सुमन बीड

मला एक विचारायचंय. १६८० ला मिशन गेलं, मग टॅबीची घरं बांधणारे मळेवाले आले. शिंपल्यांच्या गाड्या भरत होतं कोण? शिंपलीताईंनी सूचक लिहिलंय.

शिंपली

गुलाम. सुमनताई, अठराव्या शतकात काही काळ हे बेट बटन ग्विनेटकडे होतं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. नंतर कापसाचे मळे. गुलामांच्या घरांचे अवशेष आहेत. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनच्या हुकमानं ही बेटं मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखून ठेवली. ट्युनिस कॅम्पबेल नावाच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यानं सेंट कॅथरिन्सवर त्यांची वसाहत उभी केली. स्वतःचं सरकार, शाळा. पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या आणि ते सगळं दोन वर्षांतच मोडलं.

सुमन बीड

दोन वर्षांची वस्ती थरात दिसते तरी का? आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं सहा-सहा महिने उसाच्या फडात कोपी करून राहतात. बांबू, ताडपत्री, तीन दगडांची चूल. हंगाम संपला की कोपी मोडून ट्रॅक्टरवर. शंभर वर्षांनी कुणी खोदलं तर त्यात फार तर चुलीची राख आणि गुटख्याच्या पुड्या निघतील. लेकरांची शाळा बुडली ती कुठल्या थरात दिसणार?

खडूस लातूरकर

सुमनताई, +१.

गोदाकाठी

पैठण. आमच्याकडे १९६५ नंतर १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व खातं आणि ब्रिटिश अभ्यासकांनी मिळून खोदलं. त्याचा जाडजूड अहवाल २०२० मध्ये आला. एवढा वेळ लागला म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मी म्हणेन की आला हे काय कमी? कितीतरी खोदकामांचे अहवाल कपाटातच म्हातारे झालेत.

आमचा समुद्र म्हणजे जायकवाडी धरणाचा नाथसागर. १९७६ पासून. त्याच्या पोटात गावं गेली, त्यांच्या पांढरी गेल्या. दुष्काळाच्या साली पाणी उतरलं की जुन्या गावांचे चौथरे उघडे पडतात आणि काठाच्या चिखलात खापरांचा सडा. लाटेनं धुतलेली, कडा गोल झालेली. तुमच्या त्या बेटाची ढासळणारी कड वाचली तेव्हा हेच आठवलं. फक्त आमची भरती-ओहोटी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकानं चालते.

मारुतीचा पार

पांढरीत गुप्तधन असतं का? खरंच विचारतोय. आमच्या गावात अमावास्येला रात्री खड्डे पडलेले दिसतात.

खडूस लातूरकर

असतं. खड्डा खणणाऱ्याच्या डोक्यात. लिंबू-कुंकू घेऊन येणाऱ्या बुवाला हजारोंनी मिळतं, ते खरं धन.

गोदाकाठी

आणि १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा. रात्रीचे खड्डे दिसले तर पोलिस पाटलांना सांगा, निदान नोंद होईल.

नवाला आलेला

नवीन सदस्य आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. कळंबकडचा. आमच्या गावात नळाच्या पाइपासाठी चर खोदायलेत. पांढरीतून गेलीय, कमरेएवढी खोल. एका बाजूला राखेचा पट्टा दिसतो, आडवा, वितीएवढा जाड, त्याच्याखाली भाजलेली लाल माती. खापरं काळी-तांबडी आहेत, आतून काळी. ठेकेदार म्हणतो उद्या पाइप टाकून बुजवणार. हा धागा वाचला म्हणून लिहितोय. काय करू?

शिंपली

चर बुजायच्या आत फोटो काढा. समोरून सरळ, तिरका नको. फोटोत मोजपट्टी किंवा टेप दिसू द्या. टेप नसेल तर काठीवर खुणा करून ती उभी करा. जमिनीच्या वरच्या पातळीपासून राखेपर्यंत किती, राखेची जाडी किती, लाल माती कुठं संपते, हे कागदावर लिहा. चर कोणत्या घराजवळ, उत्तर कोणीकडे तेही. मोबाइलवर ठिकाण चालू ठेवा म्हणजे फोटोसोबत नोंद होते.

खापरं भिंतीतून उपटू नका. खाली पडलेली असतील ती पिशवीत घाला आणि पिशवीत चिठ्ठी टाका: कुठली, कोणत्या तारखेची. धुऊ नका. फोटो राज्य पुरातत्त्व खात्याच्या संभाजीनगरच्या कार्यालयाला पाठवा, आणि इथंही टाका. वरून काळी-तांबडी आणि आतून काळी म्हणजे सातवाहन काळाची शक्यता आहे, पण फोटो बघितल्याशिवाय पैजेवर बोलणार नाही.

तेरणाकाठ

सरपंचांना आज रात्रीच फोन करा. काम अडवायचं नाही, तासभर थांबायचंय, असं सांगा. अडवायचं म्हटलं की कुणी ऐकत नाही. मी सकाळी साडेआठपर्यंत कळंबला येऊ शकतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नवाला आलेला

व्यनि केलाय. सरपंच तासभर थांबतो म्हणाले, पण जेसीबीवाल्याचा भरवसा नाही, त्याला दहाला दुसऱ्या गावाला जायचंय. टेप सुताराकडून आणून ठेवलाय.

खडूस लातूरकर

जेसीबीवाल्याला भजी खाऊ घाला, अर्धा तास तिथंच निघतो. फोटो टाका, वाट बघतोय.